मानाचं कडवं

रायवंता गेली तेव्हा मी नागपूरला मुलाकडे होते. बातमी फोनवर आली. थोड्या वेळानं नातवानं मोबाईल माझ्यापुढे धरला. गावातल्या पोट्ट्यांनी स्टेटसला तिचा फोटो लावला होता, भोवती फुलांची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्या फोटोवर गाणं वाजत होतं. तेच गाणं. ज्या गाण्यानं तिचं तोंड बंद केलं तेच तिच्या मयतीला लावलं. लावताना पोट्ट्यांना वाईट वाटलं असेल, खरंच वाटलं असेल. तेच मला सहन होत नाही. दुष्टपणानं लावलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

चार माणसांत माझ्यानं बोलणं होत नाही. म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव गोंदियाकडे, चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. धानाच्या रोवणीच्या दिवसात आम्ही बाया टोळीनं जायचो आणि टोळी रायवंताची असायची. ती उंच, हाडकुळी. दाढेखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा. गायच्या आधी ती खर्रा थुंकायची, कालव्याच्या पाण्यानं चूळ भरायची आणि उजवा हात कानावर ठेवायची. तिनं चूळ भरली की बाकीच्या बाया आपोआप ओळीत यायच्या. रोप लावणारे हात तिच्या गाण्याच्या चालीनं चालायचे. ती थकली की चाल हळू व्हायची, आणि कोणाच्या पोटात दुखत असलं की ती न सांगताच हळू व्हायची.

एकटीनं ती कधी गायली नाही. आमच्याकडे एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं अशी रीत आहे. झेलणारी नसली तर ती तोंड उघडत नसे. "भिताडासंग बोलू का मी?" म्हणायची. तिच्या मागे ओळ झेलायला मी असायची. माणसांसमोर माझा आवाज निघत नाही, पण तिच्या आवाजाच्या आडोशाला निघायचा.

एकदा एका मोठ्या शेतकऱ्याच्या बांधीत, धानाच्या चिखलात, आम्ही रोवत होतो. तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन उभा. म्हणाला, "गाने कमी करा वो बायाहो, हात चालवा." तेवढ्यात त्याच्या घरून चहा आला. नुसतं गरम पाणी. रायवंतानं एक घोट घेतला, बाकीचा बांधीत ओतला आणि कानावर हात ठेवला.

"चहा आला बांधीवरी, रंग त्याचा पाण्याचा गं,
म्हशीनं पाहिला दुरून, मान राखला धन्याचा गं."

आम्ही हसून हसून चिखलात बसायच्या बेतात. तो शेतकरी आधी चिडला, मग त्यालाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी चहा दाट होता. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. त्या दिवशी संध्याकाळी पाय धुऊन निघताना रायवंता परत कानावर हात ठेवून उभी राहिली आणि त्याच माणसावर दुसरं कडवं म्हणाली, त्याची म्हैस दुभती राहो, त्याच्या लेकरांच्या ताटात दही राहो, असं. आम्ही थकलेल्या. मी म्हटलं, "आता कायले? चाला ना घरी."

"कायले म्हंजे? दिवसभर त्याची इज्जत घेतली ना आपन? घेतली त वापस करा लागते. रातभर घरी ठेवाची चीज नाही ते."

हा तिचा कायदाच होता. बोलायचं तर जहर बोलायचं, पण दिवस बुडायच्या आत मानाचं कडवं म्हणायचं. मानाचं कडवं झालं की आधीचं सगळं पुसलं. नंतर कोणी त्यावरून टोमणा मारला तर ती त्यालाच झापायची. "ते संपलं ना बे. मान नाही आयकला का तू?"

तिची एकच लेक, सरिता. नवरा लवकर गेला. मुलगा हैदराबादकडे कामाला गेला तो तिकडचाच झाला. सरिता दरेकशाकडच्या एका गावात दिली. मुलगा चांगला, थोडी शेती, बाकी जंगलातली कामं. सासू पारबताबाई, म्हणजे रायवंताची इवाईन, अंगानं भरलेली, मोकळी, खणखणीत बाई. लग्न आमच्या गावात झालं.

लग्नात मुलीकडच्या बायांनी इवाईनीला गाण्यातून शिव्या द्यायच्या, ही जुनी रीत. नाव घेऊनच द्यायच्या. नाव नाही घेतलं तर इवाईनीलाच राग येतो, आपल्याला मोजलंच नाही म्हणून. जेवणाच्या पंगती बसल्या, पारबताबाईच्या पानात वडे पडले आणि रायवंतानं सुरुवात केली.

"आली इवाईन पारबता, पोट तिचं ढोली गं,
चार खंडी धान गेलं, तरी राहिली खाली गं."

ढोली म्हणजे धान ठेवायची बांबूची मोठी कणगी. मांडवभर हशा. पारबताबाईनं तोंडातला घास गिळला आणि उलट म्हणाली, "ढोली मोठी आहे म्हनून त तुयी लेक भरली ना माया घरी! लहानी असती त मावली असती का?" रायवंता आणखी चढली. दोघी तासभर एकमेकींना अशा काही बोलल्या की पुरुषमाणसं मांडवाबाहेर जाऊन बसली. शेवटी रायवंता उठली, पारबताबाईला कुंकू लावलं, तिच्या तोंडात साखर घातली आणि मानाचं कडवं म्हणाली.

"इवाईन माझी पारबता, सोन्याची गं खाण,
लेक घातली तिच्या ओटी, तीच राखील मान."

म्हणता म्हणता ती रडायला लागली. पारबताबाईनं तिला पोटाशी धरलं. "रडू नको वो इवाईन, मी आहो ना." दोघींच्या डोळ्यांत पाणी. ते मी जवळून पाहिलं आहे. त्या दोघींमध्ये त्या दिवशी वाईट असं काही नव्हतं.

लग्नाचा डीजे हितूचा होता. हितू आमच्याच आळीतला, हितेश त्याचं नाव. आयटीआय झाला, नोकरी नाही, गोंदियाला राईस मिलमध्ये पोती उचलायचा. मग त्यानं आणि चार मित्रांनी मिळून जुना पिकअप घेतला आणि त्यावर डब्बे चढवले, त्या मोठ्या आवाजाच्या पेट्यांना ते डब्बे म्हणतात. सगळ्यांचे काळे टी-शर्ट, पाठीवर हितूचं नाव, बाजूचे केस उतरवलेले, वर एकाचे लाल तर एकाचे पिवळे. प्रत्येक गाण्याच्या मधे एक जाड आवाज हिंदीत म्हणतो, "हितू भाई का बेस, हिला देगा देस." दुसऱ्या गावचा डीजे समोर आला की दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात आणि कोणाच्या डब्ब्यानं कोणाचा आवाज दाबला यावर पोट्टे मारामाऱ्या करतात. मोटारसायकलवर देवाचं नाव असायचं तिथे आता आपल्या डीजेचं नाव.

मी त्यांना नावं ठेवत नाही. मिलमध्ये त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही, ए पोट्ट्या म्हणतात. त्या गाडीवर उभं राहिलं की शंभर जण त्यांचं नाव घेऊन ओरडतात. कोणाला नको वाटेल? बायांना मांडवात जे मिळत होतं तेच त्यांना रस्त्यावर मिळायचं. फरक एवढाच की मांडवातलं गाणं ज्याच्यावर म्हणायचं तो समोर बसलेला असतो. त्याचं तोंड दिसतं. किती पुरे ते कळतं.

लग्नाच्या दिवशी हितूनं मोबाईलमध्ये रायवंताचं गाणं भरून घेतलं होतं. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढे नवरात्रातली शारदा उठायच्या, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक निघाली. आम्ही ओसरीवर उभ्या होतो. हितूची गाडी वळणावर आली आणि एकाएकी रायवंताचा आवाज आला. गावभर, झाडं हलतील एवढा मोठा. "आली इवाईन पारबता, पोट तिचं ढोली गं." मग धाड धाड बेस, मग परत "ढोली गं, ढोली गं, ढोली गं." पोट्टे हवेत उड्या मारत होते.

रायवंता आधी घाबरली, मग तिच्या तोंडावर असं हसू आलं की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. "अवो इमल, माया आवाज व्हय वो हा! आयकून राहिली का?" हितू गाडीवरून उडी मारून आला, तिच्या पाया पडला. "काकू, तुमचा व्हॉइस वायरल हून राहिला. बालाघाटपर्यंत गेला." पोट्ट्यांनी तिला गुलाल लावला. जन्मभर चिखलात गायलेली बाई, तिला कोण कधी गुलाल लावणार?

गाडी पुढे सरकली. बाकीच्या घरात गेल्या. रायवंता मात्र मिरवणुकीच्या मागे चालायला लागली, म्हणून मीही गेले. शाळेपर्यंत गेली. तळ्याच्या वाटेपर्यंत गेली. गाणं संपायचं आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचं. शेवटी तिनं हितूची बाही ओढली आणि त्या आवाजात ओरडून विचारलं, "अन् मान? मान कवा येते?"

"काय काकू?"

"मानाचं कडवं! सोन्याची खाण! ते कुठी गेलं?"

हितूनं तिला बाजूला घेतलं. अगदी नम्रपणे सांगितलं, "काकू, ते मी कट केलो. ते स्लो आहे. त्यावर बीट बसत नाही. पब्लिक नाचता नाचता थांबून जाते."

"मंग थांबू दे ना पब्लिकले. थांबाचंच असते तवा."

तो हसला. त्याला वाटलं, काकू मजा करत आहे.

गणपती-शारदेच्या मिरवणुकांत ते गाणं कुठे कुठे गेलं ते आम्हाला नंतर कळलं. आमच्या बाजूनं, देवरीकडे, सालेकशाकडे, पार छत्तीसगडच्या गावांमध्ये. प्रत्येक डीजेनं त्यात आपलं नाव घातलं. पोट्ट्यांना वाटायचं पारबता हे गाण्यातलं नाव आहे. पण दरेकशाकडच्या लोकांना माहीत होतं की पारबता कोण. ती बाजारात गेली की मागून कोणी तरी हळूच "ढोली गं" म्हणायचं. शाळेची पोरं तिच्या अंगणासमोरून पोट फुगवून चालायची. जावयानं एका मिरवणुकीत गाणं बंद करायला सांगितलं, तर त्याच्या डोक्यात बाटली घातली. त्यानंतर तर लोक त्याला पाहिलं की मुद्दाम लावायला लागले.

मांडवात जिनं स्वतःच्या पोटावरून उलट टोमणा मारला होता ती बाई घराबाहेर निघेनाशी झाली. आणि तिचा सगळा राग गेला कुठे? डीजेवाल्यावर जाऊन ती काय करणार होती? राग गेला सुनेवर. सरिता दिवसांची होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण सासूनं निरोप पाठवला. "ज्या तोंडानं मले गावोगाव नागवलं त्या तोंडाच्या घरी माया वंश जन्माले येनार नाही."

रायवंता हितूकडे गेली. त्यानं लगेच मोबाईल काढला. "काकू, हे पाहा, डिलीट केलो. तुमच्यासमोर केलो." खरंच केलं त्यानं. रायवंतानं विचारलं, "आता बंद झालं ना?" त्याच वेळी रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यावर तेच वाजत होतं, दुसऱ्याच डीजेच्या नावानं.

दिवाळी झाली, मंडया सुरू झाल्या. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री दंडारीची नाचगाणी होतात, लेकी-जावई, पाहुणे गोळा होतात. पारबताबाईच्या गावची मंडई होती तेव्हा रायवंतानं ठरवलं की सगळ्या गावासमोर जाऊन मानाचं कडवं म्हणायचं. मांडवात पुसलं होतं, पण नंतर चारचौघांत पुन्हा लागलं, तर चारचौघांतच पुसायचं. तिच्या हिशोबात हे सरळ होतं. साखरेची पुडी घेतली, कुंकू घेतलं. मला म्हणाली, "इमल, तू पायजेच. झेलनारी नसन त मी म्हनू कशी?"

गोंदियाहून गाडीनं दरेकशाला उतरलो आणि पायी गेलो. पारबताबाईच्या दारासमोरच मंडईची दुकानं लागली होती. ती ओसरीत पाहुण्यांना फराळ वाढत होती. आम्हाला पाहून तिचा हात थांबला. सरिता दारात आली, पोट पुढे, तोंड सुकलेलं. तिनं आईकडे पाहिलं आणि सासूकडे पाहिलं, पुढे आली नाही.

रायवंता अंगणाच्या मधोमध उभी राहिली. चूळ भरली. कानावर हात ठेवला. म्हणाली, "इवाईन, मान घ्या." पारबताबाई आत गेली नाही. वाढपाचं भांडं तिनं खाली ठेवलं. मला वाटलं, झालं. मिटलं.

रायवंतानं आवाज उचलला. "इवाईन माझी पारबता…" एवढंच. रस्त्यावरच्या पोट्ट्यांनी तो आवाज ओळखला. "अरे, ढोलीवाली! ओरिजिनल आहे बे, ओरिजिनल!" पळत आले. कुंपणावर चढले. सगळ्यांचे मोबाईल वर. "आजी, ढोली बोला ना! एक बार, आजी, एक बार!" कोणी तरी पिंपावर ताल धरला. मी पुढची ओळ झेलायला तोंड उघडलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. सगळी मंडई ओरडत होती, "ढोली गं, ढोली गं."

पारबताबाईनं दार लावून घेतलं. सरिताला आत ओढून लावलं.

रायवंता तशीच उभी, मुठीत साखर. कडवं पूर्ण करायला तिनं पुन्हा तोंड उघडलं आणि समोरच्या मोबाईलकडे पाहून मिटलं. तिला तेव्हा कळलं असावं की आता ती मान म्हणाली काय आणि शिवी म्हणाली काय, पोट्टे त्यातलं त्यांना हवं तेवढंच कापून नेतील. तिनं पदर तोंडावर धरला आणि अंगणाबाहेर निघाली. स्टेशनवर बसलो तेव्हा तिनं हात उघडून पाहिला तर साखरेचं पाणी झालं होतं. नळाखाली हात धुतला. परतीच्या वाटेत ती एकच वाक्य बोलली. "तोंड माया, अन् चावी कोनाकडे?"

पुढच्या पावसाळ्यात टोळी निघाली, रोवणी झाली, रायवंता गायली नाही. बायांनी विनवण्या केल्या. एकीनं मोबाईल कमरेला बांधून गाणी लावली. रायवंता त्या चालीवरही हात चालवायची नाही. मागेच राहायची. धुऱ्यावरून शेतकरी म्हणाला, "आता कामं बरोबर हून राहिले." तिनं ऐकलं आणि पुढचं रोप लावलं. पूर्वी एवढ्यावर त्याच्या सात पिढ्या बांधीत रोवल्या असत्या तिनं.

सरिताला मुलगी झाली ती त्याआधी, हिवाळ्यातच, तिकडेच सरकारी दवाखान्यात. बारशाचं बोलावणं आलं, ते सरितानं फोनवर दिलं. माझा फोन होता, म्हणून मी ऐकलं. ती रडत नव्हती, ठरवून सासूचा निरोप सांगत होती. "माय, ये. पर आत्याबाई म्हनून राहिली का तोंड उघडाचं नाही. येकबी शब्द गान्याचा नाही. कबूल असन तरच ये." रायवंता म्हणाली, "कबूल."

बारशाला ती मागे भिंतीशी बसली. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मग बाया पाळण्याची गाणी म्हणायला लागल्या. सूर कोणालाच लागत नव्हता. एकीनं खाली धरलं, दुसरी वर गेली, हसू झालं. रायवंताच्या गळ्यातली शीर हलताना मला दिसत होती. ओठ घट्ट. बाळ रडायला लागलं, कोणाकडेच राहीना. सरितानं सासूकडे एकदा पाहिलं आणि ते आईच्या मांडीवर दिलं.

तिथे एक नवीनच सून आलेली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आजी, तुमी म्हना ना एखादं. तुमचा गळा लय चांगला आहे म्हन्ते."

पारबताबाई घुगऱ्यांचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं रायवंताच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्या सुनेला म्हणाली, "त्याह्यचा गळा बसला आहे."

रायवंतानं मान खाली घातली. बाळाच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "व्हय बाई. बसला."

आणि थोपटत राहिली. आवाज न करता, ओठ मिटून. बाळ रडतच होतं.